अंगठ्याएवढं दार

चष्म्याच्या दुकानाला आठवड्यातून एकदा अर्धी सुट्टी असायची, आणि त्या दुपारी भागू खांद्याला कापडी पिशवी अडकवून कुणाच्या तरी घरी डबा बघायला निघायची. त्या दिवशीही ती तशीच निघाली. आभाळ भरून आलेलं नव्हतं, कुत्रं रडत नव्हतं, मांजर आडवं गेलं नव्हतं. अपशकुन म्हणून सांगावं असं काहीही घडलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

भागू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी कुकरची शिट्टी झाली तरी ती पलंगाखाली शिरायची, म्हणून आत्याने तिला ‘भित्री भागूबाई’ म्हणायला सुरुवात केली आणि वापरून वापरून त्याचं नुसतं भागू उरलं. पदवी मिळाली, नोकरी लागली, भिंगं घासून फ्रेममध्ये बसवण्यात तिचा हात धरणारा दुकानात कुणी राहिला नाही. पण मागून कुणी हाक मारली की हातातला चिमटा आजही खाली पडायचा.

तिला एकच नाद होता. पूर्वी गोळ्यांच्या पुड्यात, पावडरीच्या डब्यात, चहाच्या खोक्यात फुकट मिळायची ती चिमुकली खेळणी. नखाएवढे हत्ती-घोडे, पत्र्याच्या शिट्ट्या, करंगळीच्या टोकावर मावणारी बाहुली. अशी खेळणी सुटी कुणी विकत नाही. माणसं घर रिकामं करतात तेव्हा बिस्किटांचा एखादा जुना डबा सापडतो, त्यात बटणं, तुटके कानातले डूल, मणी, शाळेचे बिल्ले आणि त्यांच्यात दडलेली ही खेळणी. सगळा डबा एक लॉट. घ्यायचा तर आख्खा घ्यायचा, नाहीतर नमस्कार करून निघायचं.

“नवरासुद्धा लॉटमध्येच आण हो,” आत्या म्हणायची. “डझनभर येऊ देत. धुऊन, पुसून वाळत घालू. एखादा तरी धड निघेल.”

ह्या धंद्यालाही धर्म असतो. झाकण उघडून वरून बघायचं, डबा हलवायचा, आवाज ऐकायचा. आत हात घालायचा नाही. जे पोटात निघेल ते तुझं नशीब, आणि डब्याबाहेरचं बटणसुद्धा तुझं नाही. काही लोक मात्र मालकाची पाठ वळली की शेजारची चांगली वस्तू हळूच डब्यात ढकलतात आणि मग साळसूदपणे आख्खा लॉट विकत घेतात. ह्याला ते ‘पोटात घालणं’ म्हणतात. भागूने एकदा जुन्या बाजारात एका चांगल्या वयस्क गृहस्थाला हे करताना पकडलं होतं आणि चारचौघांत त्याला इतकं बोलली होती की तो बिचारा पुन्हा त्या बाजारात दिसला नाही. तिच्यासारख्या भित्रीच्या आयुष्यातला तो एकमेव पराक्रम. तो ती वर्षभर ज्याला त्याला सांगत होती.

त्या दुपारचा पत्ता तिला भंगारकाकाने दिला होता. एक निवृत्त शाळामास्तरीण घर सोडून दुसऱ्या गावी भावाकडे चालली होती. सगळे तिला नुसतं ‘बाई’ म्हणत.

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. भिंतींवरून उतरवलेल्या तसबिरींचे फिके चौकोन, कोपऱ्यात दोरीने बांधलेली खोकी. बाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या चष्म्याकडे नजर जाताच भागूला सवयीने सगळं कळलं. इतक्या जाड भिंगातूनही ह्यांना हाताच्या अंतरापलीकडचं फक्त हलतं-डुलतं दिसत असणार. मोतीबिंदू पार पिकलेला.

“तो बघ मुली, टेबलावर,” बाई म्हणाल्या. “शाळेत पोरांकडून जप्त केलेलं सगळं त्यात आहे. तीस वर्षांची लूट!” आणि त्या स्वतःच्याच विनोदावर गालात हसल्या.

डबा चांगला होता. भागूने हलवून ऐकला. पत्रा आणि प्लॅस्टिक, दोन्हींचा आवाज. ती घेणारच होती. पण खिडकीकडे वळली आणि तिचा श्वास अडकला.

खिडकीची चौकट हिरव्या रंगाची होती आणि तिच्या कट्ट्यावर एक चिनीमातीची बशी होती. बशीत पाच-सात वस्तू. केसांची क्लिप, एक गोटी, मोडकी पेन्सिल. आणि पत्र्याचं एक दार, चौकटीसकट, अंगठ्याएवढं. निळा रंग, मोहरीएवढी कडी.

जाणकारांत एक संच प्रसिद्ध आहे, त्याला ‘छोटा संसार’ म्हणतात. पावडरीच्या डब्यातून निघणाऱ्या पत्र्याच्या बारा वस्तू. टेबल, खुर्ची, पलंग, कपाट, शेगडी, किटली, इस्त्री, बादली, दिवा, घड्याळ, शिडी. ह्या अकरा भागूकडे होत्या. बाराव्यासाठी ती सहा वर्षं झुरत होती. बारावं म्हणजे हे दार.

“ही बशी...?” तिने विचारलं.

“ते नाही हं,” बाई लगेच म्हणाल्या. “ते माझ्या मुलीचं. सात वर्षांची होऊन गेली. ते सोडून घरातलं काहीही ने.”

“नाही, नाही... नुसतं विचारलं.”

“डब्याला बांधायला दोरी देते थांब,” म्हणून बाई भिंत चाचपत आत गेल्या.

आता इथे कुणी भुताखेताला दोष देऊ नये. तिथे कुणी तिचा हात धरला नाही, कुणी कानात कुजबुजलं नाही. भागूने स्वतःच्या दोन बोटांनी, भिंगं उचलायच्या सवयीने, कडांना धरून ते दार उचललं आणि डब्याच्या पोटात ढकललं. वर बटणं सारली. आणि हे करताना तिच्या डोक्यात एकच हिशेबी विचार होता: ह्यांना दिसणार नाही. ज्या विद्येवर ती पोट भरत होती, ती तिने अशी वापरली.

झाकण लावलं तेव्हा दारात मावशी उभी होती. बाईंकडे वीस वर्षं राहून स्वयंपाक आणि सगळं बघणारी. हातात पाण्याचा पेला.

“ताई, उन्हातनं आलात. पाणी घ्या.”

तिने काही पाहिलं नव्हतं. पेला दोन्ही हातांनी पुढे करून ती हसत होती. भागू ते पाणी प्यायली. पुढे कित्येक दिवस तिला त्या दारापेक्षा तो पाण्याचा पेला जास्त छळणार होता.

घरी येऊन तिने दाराला कडी लावून पांढऱ्या फडक्यावर डबा ओतला. नेहमी हा सोहळा असायचा, आत्या शेजारी बसून शेरे मारायची. आज तिने आत्याला बोलावलंच नाही. निळं दार तेवढं उचललं, कोमट पाण्याने पुसलं आणि काचेच्या कपाटात अकरा वस्तूंच्या मधोमध उभं केलं. संसार पुरा झाला.

सहा वर्षं जिची वाट बघितली ती गोष्ट मिळाल्यावर माणसाला काय वाटायला हवं? तिने दाराची मोहरीएवढी कडी लावली आणि कपाटावर टॉवेल टाकला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आली तेव्हा टॉवेल होता तिथेच होता. आत दार उघडं होतं. सताड.

पत्र्याची वस्तू, बिजागरी सैल झाली असेल. तिने कडी लावली. तेवढ्यात तिला वास आला. गोडसर, दाट, लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा असतो तसा. घरात लहान मूल कुणी नव्हतं.

“आत्या, तू काही औषध घेतलंस?”

“मला काय धाड भरलीये औषध घ्यायला?” आत्या स्वयंपाकघरातून ओरडली.

रिकामा करून, धुऊन उपडा ठेवलेला बिस्किटांचा डबा भागूने सरळ केला, तर आत काहीतरी खुळखुळलं. शिंपल्याचं एक पांढरं बटण. ‘राहिलं असेल कोपऱ्यात,’ ती मनाशी म्हणाली. पण तिने तो डबा स्वतः विसळला होता, स्वतः फडक्याने कोरडा केला होता.

पुढल्या दिवशी किल्ली निघाली. त्यानंतर एक कंगवा, त्यात एकच पांढरा केस अडकलेला. रोज दार उघडं, रोज तो वास, आणि रोज डब्यात एक वस्तू. भागू दुकानातून येताना जिने मोजून चढायची आणि खोलीच्या दाराशी उभी राहून आधी ऐकायची. एकदा ऐकू आलं. भर दुपारी चार वाजता, बंद खोलीत, कुणीतरी अगदी जपून, आवाज होऊ नये म्हणून, एखादी छोटी वस्तू पत्र्यावर ठेवावी तसं... टिच्.

आणि मग आतल्या आत दाबलेलं, तोंडावर हात धरून दाबलेलं हसू.

ती तशीच खाली उतरली आणि आत्या भाजी घेऊन परत येईपर्यंत फुटपाथवर उभी राहिली. घरात एकटीने थांबायचा विचारही तिला सोसवत नव्हता.

पाचव्या दिवशी डब्यात सोन्याचं कानातलं होतं. एकच. भागूने ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. का ठेवलं, ते तिला सांगता आलं नसतं. घरात ठेवायची भीती आणि टाकून द्यायची त्याहून मोठी.

दुसऱ्या दिवशी भंगारकाका चष्म्याची दांडी बदलायला दुकानात आला. स्टुलावर बसून, पाय हलवत, त्याने बातमी दिली.

“त्या बाई आठवतात का गं तुला, पोरी? दोरी बांधून डबा दिला त्या? त्यांच्या घरात रोज काही ना काही नाहीसं होतंय. किल्ली काय, कंगवा काय. आधी पोरीच्या बशीतलं काहीतरी गेलं म्हणे. काल सोन्याचं कानातलं गेलं आणि बाईंनी मावशीला काढून टाकलं. वीस वर्षांची बाई! बाईंबरोबर भावाकडे जायची होती ती. आता कुठे जाणार? सगळ्या इमारतीत बोभाटा झालाय, तिला कोण ठेवतंय घरात?”

भागूच्या हातातला स्क्रू घरंगळत काउंटरखाली गेला. ती तो शोधायला खाली वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिली.

“तुझ्या डब्यात नव्हतं ना आलं काही चुकून?” वरून काकाने सहज विचारलं. चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आपल्याकडे बघतायत.

“नाही हो काका,” काउंटरखालून ती म्हणाली. “नुसती बटणं होती.”

आणि तिच्या पर्समधलं कानातलं तिथेच, तिच्या पायाशी होतं.

संध्याकाळी आत्या शेजारी गेली होती. दिवेलागण व्हायची होती. खोलीत तो राखाडी उजेड होता ज्यात वस्तू असतात पण त्यांच्या कडा नसतात. भागूने टॉवेल काढला. दार उघडं होतंच. तिने दुकानातून आणलेलं भिंग डोळ्याला लावलं, गुडघ्यांवर बसली आणि त्या अंगठ्याएवढ्या चौकटीतून आत पाहिलं.

मागे कपाटाची लाकडी फळी दिसायला हवी होती. दिसला तो हिरवा रंग. उन्हाने पोपडे आलेली खिडकीची चौकट. कट्टा. त्यावरच्या बशीची निळी कड... आणि त्या कडेपाशी, एखादी वस्तू हळूच सरकवणारी, तापाने सुकलेली चार लहान बोटं.

ती मागे सरकलीसुद्धा नाही. भीतीने माणूस पळतो असं म्हणतात. तिने तर भिंगही डोळ्यावरून काढलं नाही. औषधाचा वास इतका जवळ आला की जिभेवर त्याची चव लागली. आणि डाव्या कानाशी, केस हलतील इतक्या जवळून, एक खुशीतला आवाज कुजबुजला...

“ताई... आता तुझ्यावर राज्य.”

दुसऱ्या दिवशी तिने आजारपणाची रजा टाकली आणि बाईंचं घर गाठलं. पिशवीत रुमाल होता, त्यात बटण, किल्ली, कंगवा, कानातलं. एका वेगळ्या डबीत दार. आणि कापसात गुंडाळलेल्या अकराही वस्तू. रात्रभर विचार करून तिने ठरवलं होतं, आख्खा संसारच देऊन टाकायचा.

खोकी आता दारापर्यंत आली होती. घरात शिळ्या दुधाचा वास होता. मावशी नव्हती हे नाकालाच कळत होतं. बाई त्याच खुर्चीत होत्या, एका कानात डूल, एक कान रिकामा.

“बाई, त्या डब्यात... चुकून...” भागूने सुरुवात केली.

बाईंनी हात पुढे केला. तिने दार त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी कडी चाचपली, बिजागरी चाचपली.

“तापात होती तेव्हा पावडरीच्या डब्यात निघालं हे,” त्या म्हणाल्या. “बरी झाले की उरलेल्या अकरा जमवू म्हणायची. शहाणी पोर. गेल्यावरही इथेच असते, मुली. घाबरू नकोस. मला दिसत नाही, पण खिडकीशी बसलेली कळते. इतक्या वर्षांत तिने ह्या घरातली काडी इकडची तिकडे केली नाही. मग आत्ताच कशी करायला लागली?”

भागू रुमालाची गाठ सोडत राहिली.

“लपवायला तिला कुणी शिकवलं?”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. भागूला वाटलं जमीन दुभंगावी. तिने आजवर अनेकदा जमीन दुभंगण्याचं हे वाक्य लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यात इतकं वजन असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

“मी,” ती म्हणाली. “तुम्ही आत गेलात तेव्हा. तुम्हाला दिसणार नाही हे मला माहीत होतं, बाई.”

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

“तिला वाटलं असेल खेळ आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “इतक्या वर्षांनी कुणीतरी मोठं माणूस खेळायला आलं.”

भागूने घाईने कापूस सोडला आणि अकराच्या अकरा वस्तू बशीत मांडल्या. तिचे डोळे भरून आले होते आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला स्वतःबद्दल थोडं बरंही वाटलं. सहा वर्षांचा नाद तिने एका मिनिटात उधळून दिला होता.

“वस्तू ठेव तिथे,” बाई म्हणाल्या. “पण मावशीला मी काही बोलणार नाही. मी तिला चोर म्हटलं, त्याची माफी मी मागेन. तू केलंस ते तू जाऊन सांग. तुझ्या तोंडाने. परवा गाडी येईल. तोवर ती परत यायला हवी.”

मावशी गल्लीच्या टोकाला एका लांबच्या बहिणीकडे उतरली होती. जिन्याखालची जागा, एक खाट, एक शेगडी, भिंतीला टेकवलेलं गाठोडं. भागूला बघताच ती लगबगीने उठली.

“ताई! या ना. बसा खाटेवर. जागा लहान आहे हो. पाणी देऊ?”

“नको, नको पाणी,” भागू जवळजवळ किंचाळली.

वाटभर तिने वाक्य पाठ केलं होतं. ‘मावशी, दार मी चोरलं.’ चार शब्द. मावशी समोर उभी होती, पदराने हात पुसत, डोळे सुजलेले. मागे बहीण शेगडीशी बसली होती आणि कान इकडेच होते. भागूला एकदम तो जुन्या बाजारातला वयस्क गृहस्थ दिसला, मान खाली घालून गर्दीतून वाट काढणारा.

“मावशी... सगळं सापडलं. कानातलं, किल्ली, सगळं. बाईंनी तुम्हाला परत बोलावलंय.”

मावशी मटकन खाली बसली. “सापडलं? कुठे सापडलं?”

इथे तिला बोलता आलं असतं. अजूनही.

“घरातच,” भागू म्हणाली. “लपवून ठेवलेलं होतं. बाई म्हणतात ना, त्यांची मुलगी... तिनेच. खेळत होती.”

मावशीने दोन्ही हात तोंडावर धरले आणि रडता रडता हसायला लागली. “गं बाई! ती होय! मी कधी बाईंवर विश्वास ठेवला नाही हो. आणि ती अशी खोडकर! चोर कुठली...” बहिणीकडे वळून ती म्हणाली, “ऐकलंस? मी नव्हते. ती पोरगी होती चोर!”

तिने भागूचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. भागू बाहेर आली. एवढ्या सहज सुटल्याचा हलकेपणा पायांत होता आणि प्रत्येक पावलागणिक ती स्वतःच्या नजरेतून एकेक पायरी खाली उतरत होती. मेलेल्या सात वर्षांच्या पोरीच्या माथी मारलं आपण. तिचं तोंड कोण धरणार होतं? ती काय येऊन सांगणार होती?

घरी कपाट रिकामं होतं. डबा रिकामा होता. वास नव्हता. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्रीही ती गाढ झोपली, ह्याचीही तिला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. आत्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती आणि शेजारणीच्या सुनेने केलेल्या चहाचं वर्णन मोठ्याने ऐकवत होती. “चहा कसला, कोमट पाण्याला रंग लावलेला! म्हटलं सूनबाई, गाळणीला तरी वास येऊ द्यायचा होता...”

भागूने हसत फोन उचलला.

“मी बोलतेय,” बाईंचा आवाज. इतका दबका, जणू शेजारी कुणी निजलेलं होतं. “गाडी परत पाठवली. आम्ही निघालो नाही.”

“का बाई? मावशी आली नाही?”

“आली ना. आल्या आल्या खिडकीशी उभी राहिली आणि सगळं मोठ्याने सांगितलं. हसत हसत. पोरीने चोरलं, असं तू तिला सांगितलंस म्हणे.”

भागूने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तिचा त्यात काही वाईट हेतू नव्हता,” बाई म्हणाल्या. “पण ती तिथेच बसलेली होती गं... ती ऐकत होती.”

“बाई, मी येते. आत्ता येते. मावशीला खरं सांगते, सगळ्यांसमोर सांगते...”

“तेव्हापासून खिडकीशी कुणी नाही. आणि आत्ता मावशीच्या पिशवीत काहीतरी निघालं. तिचं नाही. माझंही नाही.” त्यांचा आवाज आणखी खाली गेला. “मला दिसत नाही, तुला माहीत आहे. मी हातात घेऊन बघितलं, मऊ, ओलसर लागलं. मावशीला विचारलं हे काय आहे, तर ती तोंडाने सांगायला तयार नाही. जिन्यात जाऊन बसली आहे, थरथरतेय.”

“काय आहे, बाई...? काय...?”

“तुझ्या घरात कोण कोण असतं?”

भागूने मान वळवली. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, भांड्यावर पडणाऱ्या पाण्याचा एकसारखा आवाज. आत्याचं बोलणं कधी थांबलं ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“लवकर ये, मुली,” बाई कुजबुजल्या. “अजून गरम आहे.”